निळे आकडे, काळे आकडे

कंपन्यांना भांडवल उभारून देणाऱ्या आणि खरेदी-विक्रीचा सल्ला देणाऱ्या इन्व्हेस्टमेंट बँकेतल्या एक्सेल शीटला एक अलिखित शिस्त असते. हाताने भरलेला आकडा निळा, सूत्रातून आलेला काळा. नव्या ॲनालिस्टला हे पहिल्याच आठवड्यात सांगतात आणि बहुतेकांना ती नुसती रंगसंगती वाटते. औषधं आणि आरोग्यसेवेच्या कंपन्या सांभाळणाऱ्या हेल्थकेअर ग्रुपमध्ये मात्र या दोन रंगांवरून माणसाची जागा ओळखता येते. काळे आकडे चुकत नाहीत ना, हे बघणं ज्युनिअरचं काम. निळा आकडा कुठून आणला आणि तोच का धरला, याचं उत्तर देण्याचे पैसे सीनिअरला मिळतात. मधली आठ-दहा वर्षं काळ्याकडून निळ्याकडे सरकण्यात जातात. पदं मिळत राहतात, पण सरकणं सगळ्यांनाच जमतं असं नाही.

पोलाद बनवणाऱ्या किंवा साबण विकणाऱ्या कंपनीच्या मॉडेलमध्ये, म्हणजे तिची किंमत काढायच्या हिशेबात, निळे आकडे मोजकेच असतात. मागच्या पाच वर्षांची विक्री हाताशी असते, वाढीचा दर टक्काभर इकडेतिकडे झाला तरी जगबुडी होत नाही. नवं औषध शोधणाऱ्या बायोटेक कंपनीकडे बऱ्याचदा विक्री शून्य, नफा उणे, आणि विकायचं औषध अजून ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांत. सगळा डोलारा गृहीतकांवर.

हिशेबाची रीत तशी सरळ आहे. समजा, एका आजाराचे २ लाख रुग्ण आहेत. ६० टक्क्यांचं निदान होतं, राहिले १,२०,०००. त्यांतले ७० टक्के उपचार घेतात, ८४,०००. पहिल्या औषधाने गुण आला नाही म्हणून आपल्या औषधाला पात्र ठरणारे ४० टक्के, ३३,६००. सर्वाधिक विक्रीच्या वर्षात त्यांतल्या २५ टक्क्यांना आपलं औषध मिळेल असं धरलं, तर ८,४०० रुग्ण. यादीतली किंमत वर्षाला १ लाख डॉलर. विमा कंपन्यांना आणि मध्यस्थांना द्यायची सूट २५ टक्के. कंपनीच्या हाती ७५,००० डॉलर. सगळे रुग्ण सगळे डोस घेत नाहीत, म्हणून त्याचे ८० टक्के. वर्षाची विक्री ५०.४ कोटी डॉलर. आता बाकी काही न हलवता निदानाचं प्रमाण ६० ऐवजी ७० टक्के करा. ५८.८ कोटी. बैठकीत कुणी ज्याच्याकडे वळूनही बघितलं नसतं अशा एका आकड्याने वर्षाला ८.४ कोटी डॉलर वाढवले.

मग येते यशाची शक्यता. २०११ ते २०२० या काळातल्या ट्रायल्सचा अमेरिकी बायोटेक उद्योगसंघटनेने केलेला अभ्यास या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी असतो. पहिल्या टप्प्यात उतरलेल्या औषधांपैकी मान्यतेपर्यंत पोचण्याची शक्यता ७.९ टक्के. दुसऱ्या टप्प्यातून तिसऱ्यात जाण्याचं प्रमाण २८.९ टक्के, सगळ्यात जास्त औषधं गळतात ती इथेच. ही सरासरी आहे हे विसरून ती जशीच्या तशी मॉडेलमध्ये डकवणं, ही पहिल्या वर्षातली नेहमीची चूक. जनुकीय कारण पक्कं माहीत असलेल्या दुर्मिळ आजाराचं औषध आणि अल्झायमरचं औषध यांना एकच टक्केवारी लावणाऱ्याला दोन्ही कळलेली नसतात.

दुसरी चूक जास्त हुशार माणसं करतात. विक्रीला यशाच्या शक्यतेने गुणायचं, आणि वर ‘धोका फार आहे’ म्हणून डिस्काउंट रेटही (पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत काढायचा दर) १८-२० टक्के ठेवायचा. एकच धोका दोनदा कापला. ट्रायल फसण्याचा धोका शक्यतेत घेतला असेल, तर दरात फक्त बाजाराचा आणि धंद्याचा धोका राहायला हवा. तिसरी चूक शेवटच्या कॉलममधली. इतर ग्रुपमधून आलेला माणूस सवयीने शेवटच्या वर्षाला कायमची वाढ लावून मोकळा होतो. औषधाला कायमचं आयुष्य नसतं. पेटंट संपलं की विक्री कड्यावरून पडावी तशी पडते. ह्युमिरा या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२३ पर्यंत त्याच्या नकलांची स्पर्धाच नव्हती. ती सुरू झाली तो दिवस बाजाराला कित्येक वर्षं आधीपासून ठाऊक होता. मॉडेलमध्ये अशी तारीख हवी आणि तिच्यापुढे उतरता जिना हवा. २०२२ च्या अमेरिकी कायद्याने आणखी एक तारीख आणली. सरकारशी वाटाघाटीने ठरलेली किंमत गोळीच्या रूपातल्या औषधाला मान्यतेनंतर साधारण ९ वर्षांनी लागू होऊ शकते, जैविक औषधाला १३ वर्षांनी. या चार वर्षांच्या फरकाने कित्येक मॉडेल्स नव्याने मांडावी लागली.

शेअर मोजण्यातली चूक मात्र सगळ्यात लाजिरवाणी. बायोटेकमधल्या मोठ्या फंडांना एका कंपनीत ९.९९ टक्क्यांच्या वर मालकी दिसू द्यायची नसते, म्हणून ते शेअरऐवजी प्री-फंडेड वॉरंट घेतात, म्हणजे नंतर शेअर मिळवण्याचा हक्क. पैसे जवळजवळ सगळे आधीच भरलेले, फक्त शेअर अजून काढलेला नाही. तिमाही अहवालाच्या पहिल्या पानावरच्या शेअरसंख्येत ही वॉरंटं नसतात. पहिलं पान बघून आकडा उचलला तर कंपनी कधी कधी दहा-पंधरा टक्क्यांनी स्वस्त दिसते. ही चूक ग्राहकाच्या सीएफओच्या (वित्तप्रमुखाच्या) पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येते, आणि मग पुढच्या चाळीस पानांवर त्याचा विश्वास बसत नाही.

एवढा वेळ बायोटेकवर घालवला, कारण लोकांच्या डोळ्यांपुढे हेल्थकेअर बँकिंग म्हणजे तेच असतं. प्रत्यक्षात ग्रुपच्या आत चार-पाच वेगळे धंदे एका छपराखाली नांदतात: औषधं, वैद्यकीय उपकरणं, प्रयोगशाळांना लागणारी साधनं आणि चाचण्या, रुग्णसेवा, आणि आरोग्यातलं सॉफ्टवेअर. ऑफर लेटरवर नुसतं ‘हेल्थकेअर’ लिहिलेलं असतं. यांतल्या कुठल्या टेबलाशी तुम्हाला बसवणार, हे पगारापेक्षा महत्त्वाचं आहे आणि ते विचारायला लोक लाजतात.

रुग्णसेवेच्या टेबलावर सगळं उलटं. इथे कंपन्यांना विक्री असते, कर्ज असतं, प्रायव्हेट इक्विटीचा, म्हणजे कर्ज काढून कंपन्या विकत घेणाऱ्या फंडाचा, मालक असतो. इथला निळा आकडा म्हणजे ॲडजस्टेड एबिटडा, व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा, सोयीने दुरुस्त केलेला नफा. विकत घेतलेल्या दवाखान्यांचा नफा पूर्ण वर्षभराचा धरलेला, नुकत्याच नेमलेल्या डॉक्टरांचं उत्पन्न ‘येईलच’ म्हणून आधीच मिळवलेलं, एकदाच होणारे खर्च दर वर्षी ‘एकदाच’ म्हणून हिशेबातून वगळलेले. खरेदीदाराचे लेखापाल नफ्याच्या दर्जाची तपासणी करायला बसले की यातलं बरंच गळून पडतं. म्हणून शहाणा बँकर विक्रेत्याच्या बाजूने ही तपासणी आधीच करून घेतो. दुसरी माशी शिंकते ती पैसे देणाऱ्यांच्या मिश्रणावर. सरकारी विमा किती, खाजगी विमा किती, विम्याच्या जाळ्याबाहेरची, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या डॉक्टरांची, बिलं किती? एन्व्हिजन ही डॉक्टर पुरवणारी कंपनी २०१८ मध्ये केकेआर या प्रायव्हेट इक्विटी कंपनीने कर्जासह सुमारे ९.९ अब्ज डॉलरला घेतली. जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत रुग्णाला अनपेक्षित बिल पाठवण्यावर बंदी आली आणि मे २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कोविडमध्ये घटलेले रुग्ण, विमा कंपन्यांशी भांडणं, अशी इतरही कारणं होती. पण कुठल्याही रुग्णसेवेच्या मॉडेलमध्ये आता पहिला प्रश्न हाच असतो, की उद्या एक कायदा बदलला तर यातलं किती उरेल.

उपकरणांच्या टेबलावर मान्यता आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. एफडीएने (औषधं-उपकरणांच्या अमेरिकी नियामकाने) उपकरण विकायला परवानगी दिली म्हणून विमा कंपनी त्याचे पैसे देईलच असं नाही. त्यासाठी बिलाचा कोड लागतो, पुरावा लागतो, आणि यात दोन-तीन वर्षं सहज जातात. प्रयोगशाळेच्या साधनांचा धंदा त्या मानाने शांत. कोविडच्या वर्षांत फुगलेली विक्री बाजूला काढून मूळचा धंदा दाखवणं, एवढीच काय ती कसरत होती.

आता कामाच्या तासांकडे येऊ, कारण विचारतात सगळे तेच. २०२१ च्या सुरुवातीला गोल्डमन सॅक्समधल्या पहिल्या वर्षाच्या १३ ॲनालिस्टांनी केलेली पाहणी बाहेर आली. आठवड्याला सरासरी ९५ तास काम आणि रात्री सुमारे ५ तास झोप. त्या आधीच, २०१३ पासून, तिथे शुक्रवारी रात्री ९ ते रविवारी सकाळी ९ सुट्टीचा नियम होता. २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने ज्युनिअरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आणली, पण चालू डीलला त्यातून सूट ठेवली. सगळी गोम त्या सवलतीतच आहे. कुठल्याही चांगल्या हेल्थकेअर ग्रुपमध्ये एखादी डील कायम चालूच असते.

माझ्या मते तासांच्या बेरजेपेक्षा त्यांचा बेभरवसा माणसाला जास्त झिजवतो. मॅनेजिंग डायरेक्टर दिवसभर ग्राहकांकडे किंवा विमानात. संध्याकाळी सातला तो पिचबुक, म्हणजे ग्राहकाला दाखवायचं सादरीकरण, उघडतो, कागदावर लाल पेनाने शेरे मारतो, फोटो काढून पाठवतो. व्हाइस प्रेसिडेंट आठला त्यात भर घालतो. ॲनालिस्टचा दिवस तिथे सुरू होतो. दिवसभर वाट बघणं आणि रात्रभर काम. शेरे आणि दुरुस्तीच्या अशा एका फेरीला ‘टर्न’ म्हणतात, आणि एका साध्या पिचबुकाचे पंधरा टर्न होतात. यातला बराच भाग टाळता येण्यासारखा असतो. पहिल्या दिवशी फक्त पानांचे मथळे आणि कोऱ्या चौकटी वरच्यांना दाखवून होकार घ्यायचा, मग आकडे भरायचे. ज्या टीममध्ये ही पद्धत आहे तिथे रात्री अकराला दिवा मालवलेला दिसतो. मुलाखतीत ‘वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे’ विचारलं तर गुळगुळीत उत्तर मिळतं. ‘शेवटच्या पिचचे किती टर्न झाले आणि शेरे किती वाजता आले’ हे विचारा.

हेल्थकेअरला वर आणखी एक मालक असतो, तो म्हणजे कॅलेंडर. औषधाच्या अर्जावर एफडीएने निर्णय द्यायची तारीख आधीच ठरलेली असते. नव्या रेणूचा अर्ज आल्यापासून ६० दिवस दाखल करून घ्यायला, त्यापुढे नेहमीच्या छाननीला १० महिने, अग्रक्रमाच्या छाननीला ६. ट्रायलचे निकाल कधी येणार, हे साधारण तिमाहीपर्यंत माहीत असतं. निकाल चांगला आला तर कंपनी लोखंड तापलेलं असतानाच भांडवल उभारते. सकाळी सहा-सातला निकालाचं पत्रक, दिवसभर शेअर वर, बाजार बंद झाल्यावर ४ वाजून १ मिनिटाने शेअरविक्रीची घोषणा, रात्री किंवा पहाटे किंमत पक्की. बाहेरून हे एका दिवसाचं काम वाटतं. आत तीन आठवडे आधीपासून प्रॉस्पेक्टस (शेअरविक्रीचं माहितीपत्रक) तयार ठेवावं लागतं, निकाल काय येणार हे कुणालाच ठाऊक नसताना. लेखापालांचं पत्र, वकिलांचे प्रश्न, शेअर नोंदणीची जागा उरली आहे का, हे सगळं आधी तपासायचं. बाजारात फिरणाऱ्या शेअरचं मूल्य ७.५ कोटी डॉलरपेक्षा कमी असेल, तर कंपनीला नियामकाकडे आधीच करून ठेवलेल्या नोंदणीवर १२ महिन्यांत त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त विकता येत नाही. छोट्या बायोटेकच्या बाबतीत हा नियम शेवटच्या रात्री आठवला, की अख्खी विक्री अडकते. आणि निकाल वाईट आला तर तीन आठवड्यांचं काम सकाळी सातला केराच्या टोपलीत. त्याची फी नसते. इन्व्हेस्टमेंट बँकेला पैसे मिळतात ते झालेल्या व्यवहाराचे.

वर्षाची सुरुवातही ठरलेली. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरवरच्या हॉटेलात जेपी मॉर्गनची हेल्थकेअर परिषद भरते. तिची सुरुवात १९८३ मध्ये हॅम्ब्रेक्ट अँड क्विस्ट या बँकेने केली होती. परिषद एका बँकेची, पण झाडून सगळ्या बँकांची टीम तिथे असते. अर्ध्या तासाला एक बैठक, आजूबाजूच्या हॉटेलांच्या खोल्यांतून पलंग काढून टाकलेले. मोठ्या डील त्या सोमवारच्या सकाळी जाहीर करायची पद्धतच पडली आहे. २०१९ मध्ये त्या सोमवारी लिलीने लॉक्सो ऑन्कॉलॉजी सुमारे ८ अब्ज डॉलरला घेतल्याचं जाहीर केलं; २०२५ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने इन्ट्रा-सेल्युलर १४.६ अब्जांना. म्हणजे डिसेंबरचा शेवटचा आठवडा कुणाचा आणि कसा गेला असेल ते वेगळं सांगायला नको. या ग्रुपमध्ये काम करायचं तर वर्षअखेरीची सुट्टी मनातून आधीच काढून टाकावी आणि फेब्रुवारीतली मागून घ्यावी. ती बऱ्याचदा मिळते.

वाटाघाटीत निळ्या आकड्यावर एकमत झालंच नाही, तर त्याचाही उपाय या धंद्याने काढला आहे. काही रक्कम आज, उरलेली अट पुरी झाली तर. २०१९ मध्ये ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने सेलजीन घेतली तेव्हा प्रत्येक शेअरमागे ५० डॉलर रोख, स्वतःचा एक शेअर आणि वर एक हक्क दिला. तीन औषधांना ठरलेल्या तारखांच्या आत मान्यता मिळाली तर ९ डॉलर. तीनही हव्यात, दोन चालणार नाहीत. त्यातल्या एकाची तारीख होती ३१ डिसेंबर २०२०. त्या औषधाला मान्यता मिळाली ५ फेब्रुवारी २०२१ ला. हक्काची किंमत शून्य. असा हक्क मॉडेलमध्ये मांडताना नवखा माणूस तीन शक्यतांचा सरळ गुणाकार करतो. पण कारखान्याची पाहणी रखडली तर दोन अर्ज एकदम रखडू शकतात. या घटना एकमेकींपासून सुट्या नसतात. आणि औषध मान्य होईल का, याच्याइतकाच ते तारखेच्या आत मान्य होईल का, हा वेगळा निळा आकडा आहे.

चढण्याची शिडी सगळीकडे सारखी. ॲनालिस्ट दोन-तीन वर्षं, असोसिएट साधारण तीन, व्हाइस प्रेसिडेंट तीन-चार, मग डायरेक्टर, मग मॅनेजिंग डायरेक्टर. फरक पडतो तो आत यायच्या वाटेत. हेल्थकेअर ग्रुप पीएचडी झालेल्यांना आणि डॉक्टरांना थेट असोसिएट म्हणून घेतात. त्यांना ट्रायलचा आराखडा वाचता येतो, दुय्यम निष्कर्षावर कंपनी का भर देते आहे हे वास लागल्यासारखं कळतं. पण पहिलं वर्ष त्यांचे हाल होतात, कारण त्यांच्या हाताखालचा बावीस वर्षांचा ॲनालिस्ट एक्सेलमध्ये त्यांच्या तिप्पट वेगवान असतो. यातले जे निमूटपणे सहा महिने शॉर्टकट शिकतात ते टिकतात. ‘मी शास्त्रज्ञ आहे, फॉरमॅटिंग माझं काम नाही’ असं मनात धरणारे दुसऱ्या बोनसआधी परत जातात.

बाहेर पडायच्या वाटा टेबलावर अवलंबून असतात. रुग्णसेवेतून आणि उपकरणांतून प्रायव्हेट इक्विटीत जाणं सोपं, कारण तिथे कर्जाचं मॉडेल रोज हाताखालून गेलेलं असतं. बायोटेकच्या टेबलावर दोन वर्षं काढलेल्याने कदाचित एकही लिव्हरेज्ड बायआउट (कर्ज काढून कंपनी विकत घेण्याचा व्यवहार) मांडलेला नसतो. मुलाखतीत तीन तासांची मॉडेल परीक्षा समोर आली की तो कोलमडतो. त्याला वाटा वेगळ्या: बायोटेकमध्ये गुंतवणूक करणारे हेज फंड, व्हेंचर, मोठ्या औषध कंपनीची खरेदी-विक्रीची टीम, आणि पुढे छोट्या कंपनीचं सीएफओपद. ही शेवटची वाट मला सगळ्यात कमी लेखली गेलेली वाटते. भांडवल उभारणं हेच ज्या कंपनीचं मुख्य आर्थिक काम, तिला ते पंधरा वेळा केलेला माणूस हवाच असतो. घाईही आता जरा बेताने करावी. प्रायव्हेट इक्विटीवाले दोन वर्षांनंतरच्या नोकरीसाठी ॲनालिस्टला रुजू होता होताच गाठायचे. जून २०२५ मध्ये जेपी मॉर्गनने नव्या ॲनालिस्टांना कळवलं, की पहिल्या १८ महिन्यांत दुसरीकडची ऑफर स्वीकारली तर नोकरी जाईल.

धंद्याची भरती-ओहोटीही लक्षात ठेवावी. बायोटेक शेअरचा निर्देशांक फेब्रुवारी २०२१ मध्ये शिखरावर होता. मे २०२२ पर्यंत तो निम्म्याहून खाली आला. आयपीओ थांबले, आणि शेअरविक्रीच्या फीवर जगणाऱ्या ग्रुपांची पंचाईत झाली. आयपीओत बँकांना सहसा ७ टक्के मिळतात, नंतरच्या विक्रीत बायोटेकमध्ये साधारण ६. हा ओघ आटला की कपात अटळ. ज्या ग्रुपकडे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं कामही आहे तो अशा वेळी तगतो, कारण शेअर स्वस्त झाले की मोठ्या औषध कंपन्या बाजारात उतरतात. मार्च २०२३ मध्ये फायझरने सीजेन ४३ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं, तो असाच काळ होता. ऑफर घेताना ग्रुपच्या मागच्या तीन वर्षांच्या डील कागदावर मांडून त्यात शेअरविक्री किती आणि सल्ल्याचं काम किती, हे मोजायला एक दुपार पुरते. बहुतेक माहिती सार्वजनिक आहे.

तयारीसाठीही सगळ्यात चांगला मजकूर फुकट आणि सार्वजनिकच आहे. अमेरिकेत नोंदलेली कंपनी विकली जाते तेव्हा भागधारकांना पाठवायचा दस्तऐवज नियामकाच्या संकेतस्थळावर असतो. त्यात वाटाघाटींची तारीखवार हकिकत असते, बँकेने वापरलेला डिस्काउंट रेट असतो, बँकेची फी असते, आणि व्यवस्थापनाने धरलेली पुढच्या दहा-पंधरा वर्षांची विक्री, शक्यतेने गुणलेली. असे पाच दस्तऐवज शेजारी ठेवून वाचले तर कुठल्याही प्रशिक्षणवर्गापेक्षा जास्त कळतं. व्यवस्थापनाने अंदाज मधेच खाली आणले असतील, तर ते कोणत्या तारखेला आणि कोणाच्या बोलीनंतर, हेही त्या हकिकतीत सापडतं. भागधारकांच्या वतीने दावा लावणारे वकील आधी तीच तारीख शोधतात.